वजनाचा काटा आणि वाढते अंग



वसंतातल्या या व्याख्यानांत साहित्यावर, इतिहासावर, अर्थकारणावर बोलावयास विद्वान माणसे येतात. माझे शिक्षण शाळेत फार पुढे गेले नाही. जे काही वाचले ते कामगार संघटनेच्या कचेरीत, रात्री सभा आटोपल्यावर, आणि बरेचसे आगगाडीत. तेव्हा कुमार ज्यूदोपटूंच्या शरीरमापांवर बोलण्याचा याला अधिकार काय, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो रास्तच आहे. अधिकार एवढाच की या विषयात माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती समजून घेण्यासाठी मला हा विषय शिकावा लागला.

हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम करणारे आमचे एक जुने सोबती आहेत. त्यांचा मुलगा सोळा वर्षांचा, ज्यूदो खेळणारा, चपळ आणि जिद्दी. आदल्या वर्षी तो ५५ किलोंच्या गटात जिंकला होता. या वर्षी एप्रिलात स्पर्धा आली तेव्हा त्याचे वजन साडेअठ्ठावन्न भरले. शिकवणाऱ्याने सांगितले, "गट सोडू नकोस, साडेतीन किलो उतरव." मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, मले पंचावन्नातच खेळाचं हाये. चार दिवसांत होते का?" मी आयुष्यभर लोकांना धीर देत आलो. सवयीने त्यालाही म्हटले, "हिंमत धर, होते." चार दिवस त्याने जेवण तोडले, शेवटचे दोन दिवस पाणीही तोडले, आणि नागपूरच्या एप्रिलातल्या दुपारी अंगावर दोन स्वेटर चढवून तो धावला. काट्यावर तो ५५ भरला. पहिल्याच लढतीत त्याला भोवळ आली आणि तो चटईवर पडला. सलाइन लावून संध्याकाळी घरी आणला तेव्हा त्याच्या आईने मला विचारले, "भाऊजी, तुम्ही तर मजुरांच्या ओझ्याचा हिशेब ठेवता. या पोराच्या अंगाचा हिशेब कोणी ठेवला होता?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते शोधता शोधता जे कळले ते आज आपल्यापुढे मांडतो.

गट का पडले

ज्यूदो हा जपानचा खेळ. जिगोरो कानो या शिक्षकाने १८८२ साली तोक्योत आपली शाळा काढली. कानो स्वतः उंचीने जेमतेम पाच फूट दोन इंच. धिप्पाड माणसाच्याच जोराचा उपयोग करून त्याला पाडता येते, हा त्यांच्या विद्येचा गाभा होता. आपल्या आखाड्यातला धोबीपछाड ज्याने पाहिला आहे त्याला हे वेगळे सांगावयास नको. खांद्यावरून प्रतिस्पर्ध्याला पुढे टाकण्याचा तसाच एक डाव ज्यूदोतही आहे. फरक इतकाच की तेथे अंगात जाड सुती अंगरखा असतो आणि पकड त्या अंगरख्याची असते.

विद्येचे तत्त्व असे असल्यामुळे प्रारंभी ज्यूदोत वजनगट नव्हते. १९५६ साली तोक्योत पहिली जागतिक स्पर्धा झाली, तीत लहानमोठे सारे एकाच गटात खेळले. १९६१ साली पॅरिसला मात्र हॉलंडच्या अंतोन गेसिंक नावाच्या साडेसहा फुटी मल्लाने जपानी विजेत्याला हरवून जगज्जेतेपद घेतले. १९६४ साली तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्यूदोचा पहिल्यांदा समावेश झाला, तेव्हा ६८ किलोंपर्यंत, ८० किलोंपर्यंत आणि ८० च्या वर असे तीन गट, आणि चौथा खुला गट ठेवण्यात आला. तिन्ही वजनगटांची सुवर्णपदके जपानने घेतली. खुल्या गटात गेसिंकने जपानच्या अकिओ कामिनागाला त्याच्याच लोकांसमोर दाबून धरले. कौशल्य दोघांजवळही होते. पण कौशल्य सारखे झाले म्हणजे अंगाचे माप बोलू लागते, ही गोष्ट त्या दिवशी सगळ्यांच्या ध्यानात आली.

आज पुरुषांचे गट ६०, ६६, ७३, ८१, ९०, १०० किलो आणि त्यावरचा एक, असे सात आहेत. स्त्रियांचे ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ आणि त्यावरचा एक. १५ ते १७ वर्षांच्या मुलांचा कॅडेट गट ५० पासून सुरू होतो, मग ५५, ६०, ६६ असा चढत ९० च्या वर संपतो. मुलींचा ४० पासून ७० च्या वरपर्यंत जातो.

या आकड्यांकडे जरा हिशेबी नजरेने पाहा. पुरुषांच्या गटांतले अंतर ६, ७, ८, ९, १० किलो असे एकेकाने वाढत जाते. स्त्रियांच्या गटांत ते ४, ५, ६, ७, ८ असे वाढते. ६० वर ६ म्हणजे दहा टक्के, आणि ९० वर १० म्हणजे अकरा टक्के. किलोचे अंतर वाढत असले तरी प्रमाण जवळजवळ तेच राहते. हलक्या माणसाला चार किलोंचा जो फरक जाणवतो तो भारी माणसाला जाणवत नाही, हे अनुभवाचे ज्ञान या आकड्यांत उतरले आहे.

वजन वाढले म्हणजे काय वाढते

आता थोडे गणित. एक चौकोनी ठोकळा घ्या आणि त्याची प्रत्येक बाजू दुप्पट करा. त्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ चौपट होते, पण वजन आठपट होते. शरीराचेही तसेच. स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. वजन मात्र साऱ्या आकारमानावर अवलंबून असते. म्हणून ६० किलोंचा गडी आणि तशाच घडणीचा १०० किलोंचा गडी यांची तुलना केली तर दुसऱ्याचे वजन पहिल्याहून ६७ टक्क्यांनी जास्त, पण ताकद साधारण ४० टक्क्यांनीच जास्त भरते. भारी गडी एकूण जोराने मोठा असतो खरा, पण स्वतःच्या अंगाच्या मानाने हलका गडी अधिक जोरकस असतो. हलक्या गटातल्या लढती विजेसारख्या आणि वरच्या गटातल्या लढती संथ का दिसतात, याचे एक कारण येथे आहे.

याच गणिताने आणखी एक गोष्ट कळते. ६० किलोंचा मुलगा १६५ सेंटिमीटर उंच आहे असे धरू. त्याच घडणीत त्याला १०० किलोंचा करावयाचा तर त्याची उंची १९६ सेंटिमीटर व्हावी लागेल. प्रत्यक्षात १०० किलोंच्या गटात इतके उंच खेळाडू थोडे असतात, बहुतेक त्याहून बरेच बुटके असतात. याचा अर्थ असा की वरच्या गटातला खेळाडू म्हणजे खालच्या गटातल्याची मोठी केलेली छबी नव्हे. गट चढत जातो तशी उंची हळूहळू वाढते, आणि छातीचा घेर, खांद्यांची रुंदी, दंड, मांड्या, हाडांची जाडी ही मापे भराभर वाढतात.

मापे कोणती आणि ती कशी घ्यावीत

वजन हा शरीराचा एकच आकडा आहे. त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती, पाणी किती, हे काटा सांगत नाही. बेल्जियममध्ये ॲडॉल्फ केतले नावाचा एक ज्योतिषगणिती एकोणिसाव्या शतकात होऊन गेला. माणसाचे वजन साधारण उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते असे त्याने दाखविले. आज दवाखान्यात 'बीएमआय' म्हणून जो आकडा सांगतात तो केतलेचाच. १९७२ साली त्याला हे नवे नाव मिळाले. पण केतले लोकसमूहाचा अभ्यास करीत होता. आखाड्यातल्या एका पोराला हा आकडा लावला तर पिळदार दंडाचा मल्ल लठ्ठ ठरतो. म्हणून खेळाडूंची मापे घेणारे शास्त्रज्ञ काट्यावर थांबत नाहीत.

ते प्रथम उभी उंची घेतात. टाचा, पाठ भिंतीला, आणि डोके असे की डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत यावी. उंची शक्यतो ठरावीक वेळी घ्यावी, कारण दिवसभराच्या भाराने मणक्यांमधल्या गाद्या दबतात आणि संध्याकाळी माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटरभर बुटका भरतो. ओझी वाहणाऱ्या आमच्या हमाल बंधूंना हे कोणी शिकवावयास नको. मग बैठी उंची घेतात. उभ्या उंचीतून ती वजा केली म्हणजे पायांची लांबी कळते. मग पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी, खांद्यांची व कमरेच्या हाडांची रुंदी, कोपर आणि गुडघा यांच्या हाडांची जाडी, आणि दंड, मनगट, छाती, मांडी, पोटरी यांचे घेर घेतात.

शेवटी चरबी. कातडीखालची चरबी मोजण्यासाठी चिमट्यासारखे एक साधन असते. दंडाच्या मागे, पाठीच्या फऱ्याखाली, पोटावर, मांडीवर, पोटरीवर अंगठा आणि तर्जनी यांनी कातडीची घडी उचलावयाची, साधन लावावयाचे आणि दोन सेकंदांनी आकडा वाचावयाचा. प्रत्येक माप दोनदा घ्यावयाचे, दोहोंत फार अंतर पडले तर तिसऱ्यांदा. शक्यतो एकाच माणसाने आणि एकाच बाजूवर घ्यावयाचे. नाहीतर पोर वाढले की मोजणाऱ्याचा हात बदलला, हे कळत नाही.

अशा मापांवरून शरीराच्या ठेवणीचे तीन घटक मांडले जातात. शेल्डन या अमेरिकन संशोधकाने १९४० साली ही कल्पना मांडली, आणि हीथ व कार्टर यांनी १९६७ साली तिला मोजमापाची शिस्त लावली. एक घटक मेदाचा, दुसरा हाड-स्नायूंचा, तिसरा सडसडीतपणाचा. कोणीही माणूस निव्वळ एका प्रकारचा नसतो, तिन्हींचे मिश्रण असतो. चांगल्या ज्यूदोपटूंत सर्व गटांत हाड-स्नायूंचा घटक वरचढ असतो. खालच्या गटांत त्याला सडसडीतपणाची जोड असते आणि चरबी फार थोडी असते. मधल्या गटांत स्नायूच बोलतात. सर्वांत वरच्या गटात मेदाचा घटक ठळकपणे वाढतो. याचे एक कारण सरळ आहे. त्या गटाला वरची मर्यादा नाही, म्हणून तेथे चरबी उतरविण्याची सक्तीही नाही, आणि अंगाचा भार हाच तेथे पाया होतो.

एकाच गटातही दोन शरीरे सारखी नसतात. ६० किलोंचे दोन मुलगे घ्या, एक १६० सेंटिमीटरचा, दुसरा १७२ चा. पहिल्याचा भार जमिनीजवळ, तो प्रतिस्पर्ध्याच्या पोटाखाली शिरून त्याला खांद्यावर घेईल. दुसऱ्याचे हातपाय लांब, तो पाठीमागून अंगरखा धरील आणि पायात पाय घालून पाडील. दोघांना एकच डाव शिकविणारा वस्ताद एकाचे तरी नुकसान करतो. मापे घेण्याचा खरा उपयोग येथे आहे. मुलाला निवडावे की गाळावे यासाठी ती नाहीत. त्याला काय शिकवावे हे ठरविण्यासाठी ती आहेत.

सोळा वर्षांचा मुलगा म्हणजे चालती मोजपट्टी

येथवर झाले ते मोठ्यांनाही लागू आहे. कुमारांची गोष्ट निराळी, कारण ज्या शरीराला आपण गटात बसवू पाहतो ते स्थिर नसते.

मुलींची उंची सर्वांत झपाट्याने साधारण बाराव्या वर्षी वाढते, मुलांची चौदाव्या वर्षी. त्या भरात मुलगा वर्षात नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो. आधी हातपाय लांबतात, मग धड भरते, म्हणून या वयात मुले काही दिवस धडपडी होतात. वजन उंचीच्या मागोमाग येते, आणि मुलांचे स्नायू त्याच्याही थोडे मागून भरतात. शिवाय हा भर सर्वांना एकाच वर्षी येत नाही. पंधरा वर्षांचे दोन मुलगे जन्मतारखेने सारखे असतात, पण एकाला मिसरूड फुटलेले असते आणि दुसरा अजून पोरच असतो. शरीराच्या पक्वतेत दोघांत तीन-चार वर्षांचे अंतर असू शकते. पहिला आज जिंकतो आणि सारे त्याला गुणी म्हणतात. दुसरा हरतो, त्याला काढून टाकतात, आणि दोन वर्षांनी तो उंच झालेला असतो तेव्हा त्याच्याकडे पाहावयास कोणी नसते.

आमच्या मुलाची जुनी मापे पुढे मी शोधून काढली. शाळेच्या नोंदीप्रमाणे चौदा महिन्यांत तो सात सेंटिमीटर वाढला होता. सात सेंटिमीटर उंच झालेल्या मुलाचे वजन साडेतीन किलोंनी वाढावे यात वावगे काय झाले? काही वाढले नसते तर ती चिंतेची गोष्ट झाली असती. त्याच्या अंगावर उतरविण्यासारखी चरबी नव्हतीच. आम्ही त्याला ५५ मध्ये राहा म्हटले, म्हणजे गेल्या वर्षीचा राहा म्हटले. लहान झालेला सदरा अंगात बसत नाही म्हणून अंग कापावे, तसा हा प्रकार होता.

चार दिवसांत काय उतरते

चार दिवसांत चरबी उतरत नाही, उतरते ती नाममात्र. उतरते ते पाणी, आतड्यातले अन्न, आणि स्नायूंत साठविलेली साखर. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा हिशेब सोपा असल्यामुळे फसवा आहे. अंगातले पाणी वजनाच्या दोन टक्क्यांनी उतरले तरी दम कमी होऊ लागतो. आमच्या मुलाचे सहा टक्के उतरले होते. पाणी गेले की रक्त आटते, हृदयाला भराभर धडकावे लागते, घाम थांबतो आणि अंग तापू लागते. जेथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, त्या आपल्या गावात हे करणे म्हणजे भट्टीच्या तोंडाशी उभे राहून पाणी सोडणे होय. भट्टीवरच्या कामगाराला थंड पिण्याचे पाणी मिळावे म्हणून आम्ही कारखान्याच्या दारात बसलो आहोत, आणि त्याच कामगाराच्या पोराला मी पाण्यावाचून धावू दिले.

या रीतीने माणसे मेलेली आहेत. १९९६ साली अटलांटा ऑलिंपिकची तयारी करणारा दक्षिण कोरियाचा एक ज्यूदोपटू वजन उतरविताना हृदय बंद पडून गेला. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत साधारण महिन्याभरात तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर असेच गेले. त्यानंतर तेथे नियम आले. शाळकरी कुस्तीगिराची चरबी हंगामाच्या आरंभी मोजावयाची, त्या दिवशी अंगात पुरेसे पाणी आहे की नाही हे लघवी तपासून पाहावयाचे, आणि मुलाची चरबी सात टक्क्यांखाली व मुलीची बारा टक्क्यांखाली जाईल अशा गटात त्यांना उतरू द्यावयाचे नाही. आठवड्याला वजनाच्या दीड टक्क्याहून अधिक घट मान्य करावयाची नाही. जागतिक ज्यूदो संघाच्या स्पर्धांत वजन आदल्या दिवशी होते, आणि लढतीच्या सकाळी चिठ्ठ्या टाकून काही खेळाडूंना पुन्हा काट्यावर उभे करतात. गटाच्या मर्यादेहून पाच टक्क्यांपेक्षा जास्त वजन भरले की खेळाडू बाद. रात्रीतून फुगून येण्याला आळा घालण्याचा हा उपाय आहे.

पण नियम कडक केल्याने प्रश्न सुटतोच असे नाही. ७ ऑगस्ट २०२४ ला पॅरिसमध्ये कुस्तीच्या ५० किलो गटाच्या अंतिम लढतीच्या सकाळी विनेश फोगट १०० ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. आदल्या दिवशी तिने तीन लढती जिंकल्या होत्या. ती पूर्वी ५३ किलोंत खेळत असे. शंभर ग्रॅम म्हणजे अर्धा पेला पाणी. देश हळहळला. मला त्या बातमीत शंभर ग्रॅमपेक्षा ते तीन किलो मोठे दिसले.

एक गट वर

आता खाशाबा जाधवांची आठवण करू. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेला तो ५२ किलोंच्या गटात, आणि तेथे सहावा आला. चार वर्षांनी हेलसिंकीला तो ५७ किलोंच्या गटात उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या गटाचे सुवर्णपदक जपानच्या शोहाची इशीने घेतले. हा इशी मूळचा ज्यूदोपटू, महायुद्धानंतर ज्यूदोवर बंदी आली म्हणून कुस्तीकडे वळलेला. ज्यूदो आणि कुस्ती यांची ती भेट आपल्या खाशाबांच्या गटातच झाली, ही मौजेची गोष्ट आहे. एक गट वर गेल्यामुळेच पदक मिळाले असा दावा मी करणार नाही. मधल्या चार वर्षांचे कष्ट त्यात आहेत. पण एक गट वर जाणे म्हणजे हार नव्हे, एवढे त्यातून खास दिसते.

आणि छोटे गट आहेत म्हणून छोट्या चणीच्या माणसांना जागा आहे, हेही विसरू नये. मणिपूरच्या लिंथोई चनंबमने २०२२ साली सारायेवोत कॅडेट वयोगटाची जागतिक स्पर्धा ५७ किलोंत जिंकली. ज्यूदोत जागतिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय. ती तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होती. गट नसते तर हे नाव आपल्या कानावर येते ना. म्हणून मी वजनगटांविरुद्ध बोलत नाही. गट ही दुबळ्याला दिलेली हमी आहे, आमच्या किमान वेतनासारखी. माझी तक्रार हमीचा फास करणाऱ्यांविषयी आहे.

थाळीचा हिशेब

किमान वेतनाचा उल्लेख आला म्हणून एक जुना हिशेब सांगतो. १९५७ साली पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने गरजेवर आधारलेल्या वेतनाचे सूत्र मान्य केले. प्रौढ माणसाला डॉ. ऐक्रॉइड यांच्या मापाने रोज २७०० उष्मांक, कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण-दिवाबत्ती वगैरेंसाठी वीस टक्के. कुटुंब तीन घटकांचे धरले: कमावणारा एक, त्याची पत्नी ०.८, आणि दोन मुले प्रत्येकी ०.६. आमच्या चळवळीला या सूत्राने फार बळ दिले आहे आणि मी ते शेकडो सभांत सांगितले आहे. पण ०.६ चा गुणाकार मी कधी केला नव्हता. तो १६२० उष्मांक होतो. लहान लेकराला ते ठीक. परंतु हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत १६ ते १८ वर्षांच्या मुलाची गरज ३३२० उष्मांक दिली आहे. प्रौढ कामगाराच्या २७०० हून ती जास्त आहे, आणि ०.६ च्या दुपटीहून जास्त आहे. मुलगा मोठा होतो, सूत्रातला त्याचा वाटा लहानच राहतो. वाढत्या मुलाची थाळी बापाच्या थाळीहून मोठी हवी, ही गोष्ट घरातल्या आईला ठाऊक असते. ती आपल्या ताटातली भाकर त्याच्याकडे सारते, आणि तिचे ०.८ कमी होते.

अशा घरातल्या मुलाला "जेवण तोड" म्हणणे ही खेळाची शिस्त नव्हे. त्याच्या अंगावर सोडण्याजोगे काही आपण ठेवलेलेच नसते.

काय करता येईल

विदर्भाला शरीरसंवर्धनाची परंपरा कमी नाही. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे, आणि १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथल्या पथकाने आपले देशी खेळ जगाला दाखविले. तेव्हा हे काम आपल्याला परके नाही, आणि त्याला पैसाही फार लागत नाही. प्रत्येक आखाड्यात एक वही असावी. प्रत्येक मुलाची उंची, बैठी उंची, वजन, दंड आणि पोटरीचा घेर, आणि साधन मिळाले तर चरबीची घडी, दर तीन महिन्यांनी एकाच माणसाने एकाच वेळी मोजावी. उंची वाढत असेल तोवर वजन वाढणार हे गृहीत धरावे आणि पुढच्या स्पर्धेचा गट त्या वहीवरून ठरवावा, गेल्या वर्षीच्या पदकावरून ठरवू नये. अठरा वर्षांखालच्या कोणाही मुलामुलीचे वजन पाणी तोडून उतरवू नये, हा नियम भिंतीवर लिहावा. मुलींची मापे स्त्रियांनीच घ्यावीत, आणि कोणाचाही आकडा चारचौघांत मोठ्याने वाचू नये. ती वही मुलाच्या आईबापांना केव्हाही पाहता यावी. ज्याच्या अंगाची मापे, त्याला ती कळलीच पाहिजेत. हजेरीपट पाहण्याचा हक्क कामगाराला मिळावा म्हणून आम्ही भांडतो, त्याच जातीचा हा हक्क आहे.

आमच्या मुलाचे पुढे काय झाले, हे आपण विचाराल. दोन महिने तो खेळला नाही. पावसाळ्यात परत चटईवर आला, ६० किलोंच्या गटात. पहिल्या स्पर्धेत तो पहिल्याच फेरीत हरला, आणि हरलेला मुलगा हसत घरी आला असे मी म्हणणार नाही, तो रडतच आला. दुसऱ्या स्पर्धेत दोन लढती जिंकून तिसरी हरला. आता त्याची वही मी ठेवतो. परवा मोजले तेव्हा तो आणखी दोन सेंटिमीटर वाढला होता आणि वजन ६१ भरले. त्याने माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "काका, आता?" या वेळी मी सवयीने उत्तर दिले नाही. वही उघडली, मागची पाने त्याला दाखविली, आणि पुढचा गट कोणता ते त्यालाच वाचावयास सांगितले. त्याने बोट ठेवले ते ६६ वर.